तारपा नाच आणि वारल्यांची लग्ने

भाताची कापणी झाली की वारली आदिवासींच्या वस्त्यांत तारपा घुमू लागे. सुका भोपळा, बांबू, ताडाचे पान आणि मेण यांपासून हे वाद्य बनते. वाजवणारा मध्ये उभा राही. तरुण-तरुणी एकमेकांच्या कमरेला हात घालून त्याच्याभोवती फेर धरीत. तो वळेल तसा फेर वळे. रात्रभर चालणाऱ्या या नाचात तरुण मंडळी आपला जोडीदार हेरीत.

पुढे मात्र पैशाची अडचण येई. वराकडून वधूच्या घरी देज, म्हणजे वधूमूल्य, जाई. ते न जमल्यास जोडपे आधी संसार थाटी आणि सवडीने लग्न लावी, कधी मुलेबाळे झाल्यावरही. लग्न लावणारी धवलेरी ही स्त्री असते, हे या समाजाचे मोठे वैशिष्ट्य.

लग्नाच्या याच खर्चाने अनेकांचे आयुष्य नासवले. लग्नासाठी जमीनदाराकडून कर्ज घेणारा ‘लग्नगडी’ होई. त्याच्यासोबत बायकोही वेठीला जुंपली जाई. ठाणे जिल्ह्यात गोदावरी आणि शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली 1945 साली उभ्या राहिलेल्या वारली लढ्याने ही गुलामी मोडून काढली.