ओठांशी जुळणाऱ्या आवाजाची कुळकथा

लग्नाची, गॅदरिंगची किंवा गावच्या नाटकाची फिल्म रात्री जागून कापायची, टाइमलाइनवर सगळं जागच्या जागी बसवायचं आणि एक्स्पोर्ट केलेली फाइल उघडावी तर 40व्या मिनिटाला आवाज ओठांच्या पुढे पळालेला. ‘सिंक गेला’ म्हणत माणूस मग आवाजाची पट्टी अंदाजाने मागेपुढे सरकवत बसतो. अंदाजाने हे दुखणं बरं होत नाही, कारण त्याला वंशावळ आहे. एक्स्पोर्टच्या खिडकीत 24, 29.97, 44,100, 48,000 असे जे आकडे दिसतात, ते चित्राची आणि आवाजाची गाठ घालणाऱ्यांनी वेळोवेळी मागे ठेवलेले आहेत. त्यांची हकिकत ठाऊक असली की कुठला आकडा फसवतोय ते ओळखता येतं.

मूळ अडचण अशी की चित्र आणि आवाज जन्मापासून वेगवेगळ्या यंत्रांवर वाढले. न्यू जर्सीतल्या वेस्ट ऑरेंजला एडिसनच्या कार्यशाळेत 1894-95च्या सुमारास विल्यम डिक्सनने एका मोठ्या कर्ण्यासमोर व्हायोलिन वाजवलं. शेजारी दोन पुरुष एकमेकांना धरून नाचत होते. चित्र फिल्मवर उतरलं, सूर मेणाच्या नळकांड्यावर. पुढे दोघांची ताटातूट झाली आणि नळकांडं तर फुटलं. ते सांधल्यावर, 2000 साली, संकलक वॉल्टर मर्च यांनी संगणकावर सूर आणि चित्र एकमेकांशी जुळवले. बोलपटाच्या पहिल्या प्रयत्नाचा सिंक लागायला शंभराहून अधिक वर्षं गेली.

पहिला टिकाऊ तोडगा यांत्रिक होता. वॉर्नर ब्रदर्सच्या ‘डॉन वॉन’साठी 1926 साली वापरलेल्या व्हिटाफोन पद्धतीत प्रोजेक्टर आणि तबकडी एकाच मोटरला जोडलेली असत. तबकडी 16 इंचांची, मिनिटाला 33⅓ फेरे घेणारी. एका रिळाला एक तबकडी, सुमारे 11 मिनिटांची. ती आतून बाहेर वाजे. मधल्या लेबलाजवळ बाणाची खूण असे. सुई त्या खुणेवर आणि फिल्मची ‘स्टार्ट’ची फ्रेम खिडकीत, असं ठेवूनच यंत्र सुरू करायचं. फिल्म तुटली आणि चार फ्रेम वाया गेल्या तर ऑपरेटरने तिथे मोजून चार काळ्या फ्रेम जोडायच्या, नाहीतर उरलेलं रीळभर पात्रं एक बोलणार आणि ऐकू दुसरंच येणार. पाठोपाठ 24चा आकडा रूढ झाला. मूकपटात हाताने फिरवलेली फिल्म कमीजास्त वेगाने चालली तरी निभावून जाई. आवाज मात्र वेग बदलला की लगेच चिरका किंवा घोगरा होतो. म्हणून मिनिटाला 90 फूट, म्हणजे सेकंदाला 24 फ्रेम, हा वेग कायम झाला. आज ज्याला ‘सिनेमॅटिक’ म्हणतात तो वेग ठरला आवाजाच्या सोयीसाठी.

त्यानंतर आवाज फिल्मच्या कडेवरच छापला जाऊ लागला. तरी तो आपल्या चित्राच्या शेजारी नसतो. चित्राला गेटमध्ये फ्रेमगणिक क्षणभर थांबावं लागतं, आवाजाला अखंड सरकावं लागतं. त्यामुळे 35 मिलिमीटरच्या प्रिंटवर आवाज चित्राच्या सुमारे 20 फ्रेम पुढे छापतात आणि मधला पट्टा सैल वळशात ठेवतात. तो वळसा लहानमोठा झाला की थिएटरात सिंक गेलाच.

आपल्याकडे अर्देशिर इराणींचा ‘आलम आरा’ 14 मार्च 1931ला मुंबईच्या मॅजेस्टिक सिनेमात लागला. त्यासाठी वापरलेल्या टॅनार यंत्रात आवाज कॅमेऱ्यातल्याच निगेटिव्हवर नोंदला जाई. सिंक आपोआप मिळे, पण किंमत जबर होती: पात्रं बोलतील त्या क्षणीचाच आवाज, आणि स्टुडिओजवळून रेल्वे जात असल्याने बरंचसं चित्रीकरण रात्री. वर्षभरात प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’ आला आणि मराठी पडद्यावर बोलू लागली.

आवाजाला मोकळीक हवी तर त्याची नोंद वेगळ्या यंत्रावर घ्यावी लागते, आणि वेगळं यंत्र म्हटलं की पुन्हा जुळणी आली. त्यातून क्लॅप जन्मला. बिजागरीवरच्या दोन लाकडी पट्ट्यांची कल्पना मेलबर्नच्या एफ्टी स्टुडिओच्या एफ. डब्ल्यू. थ्रिंग यांच्या नावावर सांगितली जाते. पट्ट्या मिटल्याची फ्रेम आणि ‘टक्’ आवाजाचा ठोका एकमेकांसमोर आणले की शॉटची सुरुवात जुळली. शेवट जुळायला मात्र दोन्ही यंत्रांचा वेगही एक हवा. स्वित्झर्लंडच्या स्टेफान कुडेल्स्की यांच्या नाग्रा टेपरेकॉर्डरवर कॅमेऱ्याच्या वेगाची खूण सांगणारा पायलट टोन आवाजाबरोबरच नोंदला जाऊ लागला, तेव्हा दोन सुटी यंत्रं शेवटपर्यंत बरोबर चालू लागली.

इथेच या शास्त्राचं मर्म आहे. जुळणीला दोन गोष्टी लागतात: एक सामाईक खूण आणि एक सामाईक वेग. खूण चुकली तर फरक पहिल्यापासून शेवटपर्यंत सारखाच राहतो. वेग चुकला तर तो मिनिटागणिक वाढतो.

आजचे बहुतेक घोटाळे वेगाचे आहेत. अमेरिकेत 1953 साली रंगीत दूरचित्रवाणीची पद्धत ठरली, तेव्हा रंगाची लहर आणि आवाजाची लहर यांची टक्कर टाळायला सेकंदाला 30 फ्रेमचा वेग हजारात एक भागाने उतरवला. तो झाला 29.97. आता 30ची फिल्म 29.97 म्हणून वाचली गेली तर चित्र तासाला 3.6 सेकंद रेंगाळतं. 40व्या मिनिटाला हा फरक 2.4 सेकंदांचा होतो.

आवाजाच्या आकड्यांचीही अशीच गोष्ट आहे. डिजिटल ध्वनी सुरुवातीला व्हिडिओटेपवर साठवत. चित्राच्या एका फील्डमधल्या, म्हणजे अर्ध्या फ्रेममधल्या, 245 रेषा, प्रत्येक रेषेत आवाजाचे 3 नमुने, सेकंदाला 60 फील्ड: गुणाकार 44,100. तोच आकडा सीडीला मिळाला. व्हिडिओने मात्र 48,000 घेतला. 44,100ची फाइल चुकून 48,000च्या गतीने वाजली तर तासाभराचा आवाज 55 मिनिटं 7.5 सेकंदांत संपतो, आणि माणसाचा गळाही बारीक होतो.

या घराण्यातला सगळ्यात धाकटा वारस म्हणजे मोबाइल. उजेड कमी झाला की फोन प्रत्येक फ्रेम जास्त वेळ उघडी ठेवतो आणि सेकंदाला कमी फ्रेम घेतो. उजेड आला की पुन्हा वाढवतो. फाइलमध्ये प्रत्येक फ्रेमची वेळ लिहिलेली असते, म्हणून फोनवर सगळं ठीक दिसतं. संकलनाच्या सॉफ्टवेअरने ती वेळ डावलून फ्रेम सारख्या अंतरावर मांडल्या की आवाज आणि ओठ फारकत घेतात.

तेव्हा उपाय निदानानंतर. एक्स्पोर्ट झालेली फाइल सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी अशी तीन ठिकाणी तपासा. ब्लूटूथ हेडफोन काढून ठेवा, कारण त्यांचा स्वतःचा उशीर असतो आणि निर्दोष फाइलवर आळ येतो. फरक तिन्ही ठिकाणी सारखा असेल तर आवाज तेवढ्या फ्रेम सरकवला की काम झालं. फरक वाढत असेल तर पट्टीला हात लावू नका. मूळ क्लिप, टाइमलाइन आणि एक्स्पोर्ट या तिन्हींचा फ्रेम रेट एक करा, आवाज सगळीकडे 48,000 ठेवा. फोनच्या क्लिप कापायला घेण्याआधीच हँडब्रेकसारख्या मोफत साधनातून ‘कॉन्स्टंट फ्रेमरेट’वर बदलून घ्या. वेगळ्या रेकॉर्डरवर आवाज घेतला असेल तर शेवटीही क्लॅप द्या. दोन यंत्रांच्या वेळ राखणाऱ्या स्फटिकांत दशलक्षात 20 भागांचा फरक असला तरी तासाला 72 मिलिसेकंद जातात. दुसरा क्लॅप असला की तेवढा आवाज ताणून किंवा आवळून नेमका बसवता येतो.

आणि फार थोडा फरक उरलाच तर आवाज किंचित मागे राहू द्या, पुढे कधीच नको. सीमारेषेवरच्या प्रेक्षकाला बॅट आधी दिसते, ठोका नंतर ऐकू येतो. मागून येणाऱ्या आवाजाची कानाला जन्माची सवय आहे. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या 1998च्या शिफारशीनुसार आवाज 45 मिलिसेकंद आधी आला तरी प्रेक्षकाला कळतो, उशीर मात्र 125 मिलिसेकंदांपर्यंत जाणवत नाही.

काळ्या फ्रेम मोजून जोडणाऱ्या त्या ऑपरेटरने प्रेक्षकाचा मान राखला होता. आपल्या हाती त्याच्यापेक्षा कितीतरी सोपी साधनं आहेत. पुढच्या वेळी चित्रीकरणाला उभे राहाल तेव्हा फ्रेम रेट आधी ठरवा, आणि कॅमेऱ्यासमोर सुरुवातीला एक टाळी वाजवा, शेवटी एक.