काकूंचा टीव्ही आणि राहींचं महाभारत

पुण्याच्या भवानी पेठेतल्या आमच्या वाड्यात अकरा बिऱ्हाडं होती आणि टीव्ही एकच. तो समोरच्या काकूंकडे होता, लाकडी शटरचा, ब्लॅक अँड व्हाईट. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ला सुरू झालं आणि पुढे सिंहगडावरच्या केंद्रामुळे ते पुण्यातही दिसू लागलं. गुरुवारी ‘छायागीत’, शनिवारी मराठी सिनेमा, रविवारी हिंदी. या तिन्ही दिवशी काकूंच्या बाहेरच्या खोलीत सतरंजी अंथरलेली असायची आणि तिच्यावर निम्मा वाडा.

आमच्याकडे टीव्ही नव्हता, पण मामूंनी कुवेतहून आणलेला टू-इन-वन होता. त्यामुळे देवाणघेवाण बरोबरीची होती. टीव्ही बघायला आम्ही त्यांच्याकडे जायचो, गाणी ऐकायला त्यांची मुलं आमच्याकडे यायची.

आमच्या कॅसेटच्या डब्यात अझीझ नाझांच्या कव्वाल्या होत्या. प्रल्हाद शिंदे होते. शिंदेंचा आवाज तर पेठेत वर्षभर फिरायचा. गणपतीत मांडवात, आषाढीला विठ्ठलाच्या गाण्यांत, १४ एप्रिलला भीमगीतांत आणि उरुसाच्या दिवसांत कव्वालीत. हे सगळं एकच माणूस गातो, हे मला बरंच उशिरा कळलं. तोवर मला वाटायचं की कव्वालीवाले शिंदे आमचे आणि विठ्ठलवाले त्यांचे.

डब्यातली सर्वांत झिजलेली कॅसेट मात्र आपाची होती. ‘डिस्को दीवाने’, साल १९८१. गाणारी नाझिया हसन कराचीत जन्मलेली, लंडनमध्ये वाढलेली. संगीत देणारे बिद्दू मूळचे बंगळुरूचे. त्याआधी १९८०मध्ये फिरोज खानच्या ‘कुर्बानी’साठी ती एक गाणं गायली होती. पडद्यावर झीनत अमान आणि आवाज या शाळकरी मुलीचा. त्या गाण्याला फिल्मफेअर मिळालं तेव्हा ती पंधरा वर्षांची होती. आमची आपाही तेव्हा तेवढ्याच वयाची. फाळणी, दोन युद्धं, व्हिसा, या सगळ्याला वळसा घालून एका पाकिस्तानी मुलीचा आवाज भवानी पेठेत आला आणि आपा तो आवाज लावून भाकऱ्या थापायची.

एकदा मोहल्ल्यातल्या एका बुजुर्गांनी अब्बांना थांबवून सांगितलं, “मुलीच्या गाण्याचा आवाज रस्त्यापर्यंत येतो, हे बरं दिसत नाही.” अब्बा घरी आले, काही बोलले नाहीत, आवाजाचं बटण थोडं मागे फिरवलं. कॅसेट बंद केली नाही. दुसरीकडे, क्रिकेट सामन्याच्या दिवशी वाड्यातली मुलं मला हसत विचारायची, “काय रे, तुमची नाझिया आज कुणाकडून?” मीही हसायचो. पण त्या ‘तुमची’चं काय करायचं, ते कळायचं नाही. गाणं सगळ्यांचं होतं, गाणारी तेवढी माझी.

मग १९८८ आलं. २ ऑक्टोबरला बी. आर. चोप्रांचं ‘महाभारत’ सुरू झालं. दर रविवारी सकाळी पेठेतले रस्ते ओस पडायचे. पहिल्या रविवारी मी काकूंकडे निघालो तर अब्बांनी अडवलं. धर्माची अडचण नव्हती. ‘रामायण’ही आम्ही तिथेच बघितलं होतं. पण त्या वर्षांत वातावरण बदलू लागलं होतं. अयोध्येचं नाव रोज पेपरात यायचं. “लोक काय म्हणतील” यातले लोक दोन्हीकडचे होते.

काकूच दारात आल्या. “भाईसाहेब, तुम्हीही चला. पोरगा एकटा कशाला?” अब्बांना नाही म्हणता आलं नाही. ते दाराशी, चपलांजवळ बसले. ते बुकबाइंडर होते. हातात येणारी पुस्तकं वाचून मराठी, हिंदी, उर्दू तिन्ही त्यांना चांगल्या येत. नावं पडद्यावर येऊ लागली तशी सवयीने ती मोठ्याने वाचू लागले. संवाद राही मासूम रझा, हे नाव आलं आणि ते थांबले. मग म्हणाले, “अरे, हे तर ‘आधा गाँव’वाले.”

खोलीत कुणालाच ते नाव माहीत नव्हतं. मग अब्बांनीच सांगितलं. गाझीपूरजवळच्या गंगौली गावचे राही. तिथल्या शिया कुटुंबांवर आणि फाळणीने त्यांची कशी वाताहत केली यावर त्यांनी १९६६मध्ये कादंबरी लिहिली. पुढे मुंबईत येऊन सिनेमे लिहिले. महाभारताचं काम त्यांनी आधी नाकारलं होतं. मुसलमानाने हे का लिहावं, अशी पत्रं आल्यावर मात्र त्यांनी ते घेतलं, असं त्यांच्याबद्दल सांगतात. कथा सांगणारा ‘समय’ हे पात्र त्यांच्याच लेखणीचं. वडिलांना पिताश्री म्हणणाऱ्या त्या संस्कृतप्रचुर हिंदीची सवय देशाला लावली ती एका उर्दूच्या डॉक्टरेटने.

त्यानंतर ९४ भाग संपेपर्यंत, म्हणजे जून १९९०पर्यंत, रविवारी नावं वाचायचं काम अब्बांचं झालं. चपलांजवळून ते हळूहळू सतरंजीच्या मधोमध आले.

राही १५ मार्च १९९२ला गेले. त्याच वर्षी ६ डिसेंबर झाला. मुंबई जळत होती. आमच्या वाड्यात काचही फुटली नाही. कुणी कुणाला काही बोललं नाही, आणि काकूंकडे जाणं थांबलं. त्यांनी ‘येऊ नका’ म्हटलं नाही, आम्ही ‘येत नाही’ म्हटलं नाही. तोवर केबल आली होती, आम्हीही हप्त्यावर रंगीत टीव्ही घेतला. बरीच वर्षं मी केबलला दोष देत राहिलो. तो सोपा होता. घरोघर टीव्ही आले म्हणून माणसं तुटली, असं म्हटलं की कुणालाच जबाब द्यावा लागत नाही.

नाझिया १३ ऑगस्ट २०००ला लंडनमध्ये कॅन्सरने गेली, अवघ्या पस्तिसाव्या वर्षी. आपा तेव्हा सोलापूरला सासरी होती. तिचा फोन आला. “ती कॅसेट आहे का रे अजून?” नव्हती.

वाडा पडून तिथे इमारत झाली. जुन्या बिऱ्हाडांचा एक व्हॉट्सअॅप ग्रुप आहे, मीही त्यात आहे. मार्च २०२०मध्ये टाळेबंदी लागली आणि दूरदर्शनने ‘महाभारत’ पुन्हा दाखवायला घेतलं. ग्रुपवर आठवणींचा पूर आला. सतरंजी, शटर, काकूंचा चिवडा. त्याच आठवड्यांत न्यूज चॅनेलांवर ‘कोरोना जिहाद’ चालू होतं आणि तेही याच ग्रुपवर येत होतं, कधी एकाच माणसाकडून, चिवड्याच्या पाठोपाठ. माझी मुलगी टीव्हीसमोर बसली होती. नावं बघून तिने विचारलं, “अब्बा, हे मुस्लिम होते? शाळेत कुणी सांगितलं कसं नाही?”

मी टीव्हीवरच्या त्या नावाचा फोटो काढला आणि ग्रुपवर टाकला. खाली काही लिहिलं नाही. दोन अंगठे आले, मग शांतता. संध्याकाळी काकूंचा फोन आला. वय ऐंशीच्या पुढे, आवाज बसलेला.

“फोटो बघितला रे,” त्या म्हणाल्या. “नावं वाचायला भाईसाहेब असायचे. ते यायचे थांबले तेव्हा मी विचारायला हवं होतं.”

मीही विचारायला हवं होतं, हे मी त्यांना सांगितलं. टाळेबंदी उठल्यावर मुलीला घेऊन त्यांच्याकडे जाऊन आलो.