‘बुडीत’ या शब्दाचे कूळ

नंदुरबार जिल्ह्याच्या उत्तर सीमेवरून नर्मदा सुमारे 54 किलोमीटर वाहते. तिच्या काठच्या अक्कलकुवा व अक्राणी तालुक्यांतील 33 गावे सरदार सरोवराच्या दप्तरात ‘बुडीत क्षेत्र’ या नावाखाली नोंदली गेली, आणि हे नाव इतके पारदर्शक वाटते की त्याचे कूळ शोधावे असे सहसा कोणाला सुचू नये. धरण बांधले, पाणी तुंबले, जमीन बुडाली, म्हणून ती बुडीत, यात विचारायचे ते काय? परंतु ह्याच जिल्ह्यात कुपोषित बालकाला घेऊन सरकारी दवाखान्यात राहणाऱ्या आईच्या हाती रोजगाराच्या भरपाईदाखल जी रक्कम पडते तिला ‘बुडीत मजुरी’ म्हणतात, हे ध्यानात येताच माझी झोप उडाली; कारण या मजुरीत पाण्याचा थेंबही नाही.

धातूविषयी वाद नाही. बाराव्या शतकातील हेमचंद्राने आपल्या प्राकृत व्याकरणात ‘मस्ज्’ या संस्कृत धातूचे जे देशी पर्याय दिले आहेत त्यांत ‘बुड्ड’ आहे, शिवाय आपल्या ‘खुपणे’ची आठवण करून देणारा ‘खुप्प’ही आहे, आणि हिंदीतील ‘डूबना’ हे त्याच बुडण्याचे वर्णविपर्ययाने झालेले रूप होय. खरा वाद त्या ‘ईत’चा आणि त्याच्या माहेराचा.

पहिला पक्ष म्हणतो की हा हिंदी ‘डूब क्षेत्र’चा तर्जुमा आहे. हा पक्ष मला दुर्बळ वाटतो, कारण कोयना आणि उजनीच्या काठी, जिथे हिंदीचा वारा नाही, तिथेही माणसे ‘बुडीत’च म्हणतात. दुसरा पक्ष अधिक जाणता आहे: मुलकी खात्याच्या कागदांत जमीन पडीत असते, वहीत असते, त्याच साच्यात ‘बुडीत’ ओतले गेले, असे तो सांगतो. ध्वनी जुळतो, व्याकरण जुळते. अडते ते अर्थापाशी. पडीत रान उद्या वहितीस येऊ शकते, वहीत रान पडू शकते. जमाबंदीच्या या विशेषणांत ऋतू आहे, परतीची वाट आहे. बुडीतला ती नाही.

माझा पक्ष असा की हा शब्द सावकाराच्या वहीतून धरणाच्या नकाशावर आला. मराठी माणसाचे बहुतेक बुडणे कोरडेच असते: शाळा बुडते, मजुरी बुडते, पेढी बुडते, कूळ बुडते. आणि सावकार जेव्हा एखादे कर्ज बुडीत खाती टाकतो, तेव्हा ते कूळ बहुधा जिवंत असते, नांगर धरीत असते, बाजारच्या दिवशी समोरून रामराम करीत असते. बुडालेले असते ते फक्त वहीत. 1979 साली नर्मदा जलविवाद लवादाच्या निवाड्याने जलाशयाची पातळी 455 फूट, म्हणजे 138.68 मीटर, ठरविली, तेव्हा काठच्या मणिबेली गावाच्या शेतांत ज्वारी उभी राहायची ती राहतच होती. पाणी चढायला अजून दशकाहून अधिक काळ होता, आणि तरीही त्या रेषेखालचा प्रत्येक वाफा, प्रत्येक मोहाचे झाड कागदोपत्री बुडीत झाले होते. जे अजून झाले नाही त्याला झाल्याचे विशेषण लावण्याची ही सवय नदीची नव्हे, जमाखर्चाची आहे.

यावर कोणी म्हणेल की हा केवळ योगायोग. तर मग त्याच्या जोडीदाराकडे पाहा. अभियंत्याच्या भाषेत बुडीत क्षेत्राला जोडून येणारा शब्द आहे ‘लाभक्षेत्र’. ‘सिंचित’ म्हणता आले असते, ‘ओलीत’ तर हाताशीच होते, तरी निवडला गेला ‘लाभ’, जो दिवाळीत नव्या वहीच्या पहिल्या पानावर ‘शुभ’च्या शेजारी कुंकवाने लिहिला जातो. एका पानावर लाभ, समोरच्या पानावर बुडीत: शब्द असे जोडीने आले, की त्यांचे गाव एकच असते, असा माझा अनुभव आहे. या जमाखर्चातील विपरीत गोष्ट ही, की सरदार सरोवराच्या कालव्यांचे लाभक्षेत्र गुजरात आणि राजस्थानात आहे. महाराष्ट्राच्या वाट्याला या कालव्यांचे पाणी नाही, विजेचा 27 टक्के हिस्सा तेवढा आहे, आणि अक्राणीला दिसले ते वहीचे एकच पान.

वहीतून आलेला शब्द वहीचे नियमही घेऊन येतो. खाते नसेल तर नुकसान नसते. नर्मदाकाठच्या डोंगरांत जंगल साफ करून कसलेल्या ‘नेवाड’ जमिनीला दप्तरात कोणाचे नाव नव्हते, असलेच तर ‘अतिक्रमण’ होते. लवादाने केलेली विस्थापिताची व्याख्या खरे तर उदार होती. भूसंपादनाच्या अधिसूचनेपूर्वी वर्षभर तिथे राहणारा किंवा जमीन कसणारा तिच्यात बसत होता. पण चौथ्या हिश्श्याहून अधिक जमीन गमावणाऱ्या खातेदारास किमान दोन हेक्टर, हा हिशेब करायला बसलेला कारकून प्रथम सातबारा मागणार. त्यातूनच विस्थापितांच्या ‘घोषित’ आणि ‘अघोषित’ अशा दोन जाती निर्माण झाल्या, ज्या एकाच पाड्यात, प्रसंगी एकाच घरात, शेजारी शेजारी नांदल्या. पुनर्वसनासाठी तळोद्याच्या जंगलातील 4,200 हेक्टर जमीन मोकळी करण्यात आली, तेव्हा तिथेही आधीपासून कसणारे आदिवासी होतेच, आणि त्यांच्याही नावाचे पान कोरे होते.

काठावरच्या माणसांनी मात्र विशेषण मोडून पुन्हा क्रियापद केले. ‘डूबेंगे पर हटेंगे नहीं’ ही त्यांची घोषणा हिंदीत आहे हे खरे, पण तिच्यात कर्ता आहे आणि भविष्यकाळ आहे. 1999 साली काठच्या डोमखेडी गावात चढत्या पाण्यात उभ्या राहिलेल्यांना ‘बुडीत’ म्हणणे म्हणूनच जड गेले असते.

आता 138.68 च्या वरची जी जमीन बुडाली नाही, पण जिच्याभोवती पाणी फिरले, तिला काय म्हणायचे? तिला ‘टापू’ म्हणतात. मराठीत टापू म्हणजे मुलूख, जसा दुष्काळी टापू. हिंदीत टापू म्हणजे बेट. सातपुड्यात हा दुसरा अर्थ जलाशयाबरोबर चढून आला. टापूवरच्या शेताला होडीवाचून वाट राहत नाही, तरी ते रेषेच्या वर असल्याने बुडीत नव्हे, आणि पाणी भोवती असूनही लाभक्षेत्र नव्हे. त्याच्या भरपाईचा अर्ज कोणत्या रकान्यात बसवायचा, यावर पत्रव्यवहार चालत राहतो.