वृद्धांसाठी साहाय्यक गृहसाधने
वृद्धांसाठी साहाय्यक गृहसाधने : वार्धक्यामुळे हालचाली मंदावलेल्या व्यक्तीस घरातील नित्यकर्मे परावलंबनावाचून करता यावीत, म्हणून योजिलेली साधने. उंच आसने, भिंतीतील हातधरणी, जाड मुठीची भांडी, कमोड-खुर्ची इत्यादींचा त्यांत समावेश होतो.

भारतात या साधनांच्या शास्त्रशुद्ध वापराचा पाया व्यवसायोपचाराच्या शिक्षणाने घातला. जन्माने अमेरिकन असलेल्या कमला निंबकर यांनी १९५० मध्ये मुंबईत परळच्या के. ई. एम. रुग्णालयात व्यवसायोपचाराची शाळा सुरू केली. ती आशियातील पहिली मानली जाते. पुढे १९५५ मध्ये हाजी अली येथे अखिल भारतीय भौतिक वैद्यक व पुनर्वसन संस्था स्थापन झाली.

पाश्चात्त्य साधने मेज-खुर्चीच्या घरासाठी घडविलेली होती. परळ-लालबागच्या चाळींत मात्र जेवण, निजणे व पुष्कळदा स्वयंपाकही जमिनीवरच होई. त्यामुळे येथे खरी अडचण उठण्या-बसण्याची होती. विळी पायाने दाबून धरावी लागते. गुडघे न वाकणाऱ्या स्त्रीसाठी ती शिकंज्याने ओट्यावर पक्की बसविली, की तिला उभ्याने किंवा उंच स्टुलावर बसून भाजी चिरता येते. इतका साधा बदल आयात केलेल्या कित्येक उपकरणांहून अधिक उपयुक्त ठरतो. गिरगावातील जुन्या घरांच्या उभट लाकडी जिन्यांत धरण्यासाठी सोडलेला दोर हे तर रहिवाशांनीच योजिलेले साधन होय.

सर्वांत बिकट प्रश्न शौचालयाचा होता. बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने १९२० नंतरच्या दशकात वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग व शिवडी येथे बांधलेल्या चाळींत सुमारे १६० चौ. फुटांची एकेक खोली आणि मजल्यावर सामाईक शौचालये होती. तेथपर्यंत चालणे व उकिडवे बसणे जमेनासे झाले, की वृद्धाचे स्वावलंबन संपे. कमोड-खुर्चीने चालणे वाचते; परंतु खालचे भांडे रिकामे करण्यास दुसरे माणूस लागतेच आणि एका खोलीत आडोसा कोठून आणावयाचा, हाही प्रश्न उरतो.

केंद्र शासनाने २०१७ मध्ये सुरू केलेल्या राष्ट्रीय वयोश्री योजनेतून दारिद्र्यरेषेखालील ज्येष्ठांना काठी, कुबड्या, वॉकर, चाकाची खुर्ची, श्रवणयंत्र, चष्मा व कवळी विनामूल्य देण्यात येऊ लागली. आरंभीच्या या यादीत स्वयंपाकघरातील साधन नव्हते. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या पुनर्विकासातील पहिल्या ५५६ सदनिकांचे वाटप झाले, ५०० चौ. फुटांच्या या घरांत शौचालय घरातच आहे.