पिस्तुलाचा चेंज लॉग

मध्यंतरी प्रोजेक्टसाठी जर्मनीत होतो, तेव्हा एका शनिवारी जुन्या हत्यारांच्या लिलावाआधीचं प्रदर्शन बघायला गेलो. हातमोजे घातले की वस्तू हातात देतात. मी मागितलं पोलिसांचं लुगर, म्हणजे पी ०८. बंदुकांचं मला वेड नाही. पण एकाने लिहिलेला आणि दहा जणांनी पॅच केलेला जुना कोड वाचायची सवय आहे, आणि हे प्रकरण अगदी तसंच निघालं.

चेंबरवर दोन सालं होती, १९१७ आणि १९२०. पिस्तूल काही दोनदा बनलं नव्हतं :) १९१७ हे कारखान्याचं साल. युद्ध हरल्यावर व्हर्सायच्या तहाने जर्मन सैन्य एक लाखावर आणलं, पण घराघरांत हत्यारं पडून होतीच. ती जमा करायचा कायदा ऑगस्ट १९२०मध्ये झाला. मग मूळची सरकारी पिस्तुलं वेगळी ओळखू यावीत म्हणून त्यांच्यावर १९२०चा ठसा मारला. थोडक्यात, अ‍ॅसेट टॅग!

डाव्या बाजूला पोलादाची एक अरुंद पट्टी बसवलेली होती. मूळ डिझाइनमध्ये ती नाही. हा खरा बग-फिक्स. लुगरमध्ये चाप आणि सिअर (फायरिंग पिन अडवून धरणारा दांडा) यांना जोडणारा भाग एका सुट्या प्लेटमध्ये असतो. प्लेट काढून नळीचा भाग वेगळा केला, आणि आत काडतूस राहून गेलं असेल, तर उघड्या सिअरवर नुसता अंगठा दाबला तरी गोळी सुटते. म्हणजे साफसफाई करतानाच! १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला प्रशियाच्या पोलिसांनी ही पट्टी बसवायला घेतली. प्लेट निघाली की पट्टीची खीळ आत सरकते आणि सिअर अडकतो. प्लेट बसवली की खीळ मागे. साधं आणि सुंदर.

लुगरच्या बारीकसारीक भागांवरही पिस्तुलाच्या नंबराचे शेवटचे दोन आकडे असतात. इथे एका भागावरचे जुने आकडे खोडून नवे ठोकले होते, म्हणजे तो दुसऱ्या पिस्तुलातून आला. संग्राहक अशाने नाक मुरडतात. मला तो पोलिसांचा आर्मरर आवडला. त्याने निदान कॉमेंट तरी टाकली.

आता गंमत. मुठीच्या पुढच्या बाजूला ‘एस. डी.’ आणि पुढे आकडे. माझ्या मनात लगेच आलं, झिशरहाइट्‌सडीन्स्ट, हायड्रिखची एसएसमधली गुप्तचर संघटना. अंगावर काटा आला, खोटं कशाला बोला. पण नंतर दुसऱ्या पोलिसी लुगरांचे ठसे वाचले. ‘एस’ तोच राहतो आणि पुढची अक्षरं जिल्ह्याप्रमाणे बदलतात. ग्रामीण पोलीस असतील तर ‘एस’ऐवजी ‘एल’. म्हणजे हे शुट्झपोलित्साय, ड्युसेलडॉर्फ. गणवेशातले साधे शहरी पोलीस.

कॅटलॉगमध्ये मात्र एवढंच छापलं होतं: ‘एस. डी. मार्किंग’. खोटं काहीच नाही. फक्त ड्युसेलडॉर्फ हा शब्द गाळलेला, आणि किंमत शेजारच्या लुगरपेक्षा बरीच जास्त.

अर्थात ‘साधे पोलीस’ म्हणूनही सुटका होत नाही. १७ जून १९३६ला हिमलर सगळ्या जर्मन पोलिसांचा प्रमुख झाला. पुढे जुलै १९४२मध्ये पोलंडमधल्या युझेफुफ गावात सुमारे १५०० ज्यूंना मारणारी १०१वी बटालियन हॅम्बुर्गच्या पोलिसांचीच होती. ड्युसेलडॉर्फचं हे पिस्तूल तेव्हा कुठे होतं, त्याचा ठसा कुठेच नाही. मी दोनदा उलटंपालटं करून बघितलं आणि परत दिलं.