टॉम लेरर : आरंभ कोठून करावा?

अमेरिकन विनोदी गीतकार-गायक टॉम लेरर याचे २६ जुलै २०२५ रोजी, वयाच्या ९७ व्या वर्षी निधन झाले. व्यवसायाने गणिताचा अध्यापक असलेल्या या माणसाने पियानोवर बसून म्हटलेली गाणी जेमतेम चाळीसच्या घरात जातात. स्टुडिओतील आणि मैफलीतील पुनरावृत्ती वगळल्या तर त्याच्या मुख्य ध्वनिमुद्रिका तीनच उरतात : १९५३, १९५९ आणि १९६५ च्या. तेव्हा ‘नवख्याने प्रथम कोणती ऐकावी?’ हा प्रश्न क्षुल्लक वाटेल; पण विडंबन कालांतराने आणि स्थलांतराने कसे टिकते, हा वाङ्मयीन प्रश्न त्यात दडलेला आहे.

शिरस्ता कालक्रमाचा. १९५३ च्या जानेवारीत लेररने बॉस्टनमधील एका स्टुडिओत पंधरा डॉलर मोजून ‘साँग्ज बाय टॉम लेरर’ मुद्रित केली आणि स्वखर्चाने चारशे प्रती काढल्या. विद्यापीठाच्या परिसरात त्या खपल्या, आणि मागणी टपालाने वाढत गेली. या मुद्रिकेचे भक्त सांगतात की, तीत प्रासंगिक असे फारसे नाही, म्हणून ती शिळी होत नाही. हे म्हणणे अमेरिकन श्रोत्यापुरते खरे आहे. आपल्यापुरते ते नेमके उलट आहे. या गाण्यांचे लक्ष्य व्यक्ती वा घटना नसून गीतप्रकार आहेत : दक्षिणेकडच्या राज्यांचे गहिवरून गुणगान करणारी गीते, आयरिश पोवाडे, व्हिएन्नाचे वॉल्ट्झ, गुराख्यांची गाणी. ‘द वाइल्ड वेस्ट इज व्हेअर आय वाँट टू बी’ या गाण्यातील गुराखी नेवाडाच्या वाळवंटात, अणुस्फोटांच्या शेजारी, रमू पाहतो. स्फोटांची माहिती पुस्तकातून मिळते. पण ज्या भाबड्या गोडव्याला लेरर सुरुंग लावतो, तो गोडवा कानांत आधीपासून मुरलेला असावा लागतो.

‘झेंडूची फुले’ शिकवणाऱ्याला ही अडचण ठाऊक आहे. केशवकुमारांचा हा संग्रह १९२५ चा. कोणत्या कवीची कोणती लकब लक्ष्य केली आहे, हे टिपेत देता येते. मात्र त्या काळच्या कवितेने भारलेला वाचक टिपेने परत येत नाही. विद्यार्थी हसतो तो बहुधा अत्र्यांच्या शब्दकौशल्याला, विडंबनाला नव्हे.

म्हणून माझा कौल ‘दॅट वॉज द इयर दॅट वॉज’ला, म्हणजे सर्वांत ‘कालबाह्य’ समजल्या जाणाऱ्या १९६५ च्या मुद्रिकेला. यातील बहुतेक गाणी दूरचित्रवाणीवरील एका साप्ताहिक उपरोधपर कार्यक्रमासाठी लिहिलेली. तेथे ती इतरांनी म्हटली. पुढे सॅन फ्रान्सिस्कोच्या ‘हंग्री आय’ या क्लबात लेररने ती श्रोत्यांसमोर स्वतः गाऊन मुद्रित केली. घटनेला तळटीप पुरते, आणि येथे तळटीप खुद्द कर्ताच देतो. गाण्याआधी तो बातमी सांगतो, कोरड्या, अध्यापकी आवाजात. ही निवेदने वगळून ही गाणी ऐकणे म्हणजे प्रवेशाच्या सूचना गाळून नाटक वाचणे.

शिवाय या बातम्या आपल्याला वाटतात तितक्या परक्या नाहीत. ‘द व्हॅटिकन रॅग’मागे १९६२ ते १९६५ ची दुसरी व्हॅटिकन परिषद आहे. वसईच्या चर्चमधून लॅटिनऐवजी मराठीतून मिस्सा होऊ लागली, ती याच परिषदेच्या निर्णयांमुळे. ‘हूज नेक्स्ट?’ची पार्श्वभूमी १९६४ च्या चिनी अणुचाचणीची. अण्वस्त्रांच्या रांगेत उभ्या राष्ट्रांची त्यात यादी आहे. भारताचे नाव तीत नाही. पोखरण घडले ते १९७४ मध्ये. यादीच्या अखेरीस मात्र एकदम अलाबामा राज्य येते! १९६५ च्या मार्चमध्ये त्या राज्यातील सेल्मा गावी मतदानाचा हक्क मागणाऱ्या कृष्णवर्णीयांवर पोलिसांनी लाठ्या चालवल्या होत्या, एवढे सांगितले की विनोद जागा होतो, आणि हसू घशात अडकते.

‘वेर्नर फॉन ब्राउन’ला तर तेवढीही प्रस्तावना नको. हिटलरसाठी व्ही-२ क्षेपणास्त्रे घडवणारा, ज्यांच्या निर्मितीत छळछावणीतील कैदी राबवले गेले, तो शास्त्रज्ञ युद्धानंतर अमेरिकेच्या अवकाश-कार्यक्रमाचा मानकरी झाला. लेररचा रोख त्याच्या निर्विकारपणावर आहे. चाल इतकी हलकी की आरोप केव्हा सिद्ध झाला ते कळत नाही.

दोष आहेतच. काही गाणी आज केवळ दस्तऐवज म्हणून उरली आहेत. ह्यूबर्ट हम्फ्री या उपाध्यक्षावरचे गाणे समजावून सांगावे आणि कोणी हसू नये, असे व्हायचेच. अध्यापकाने ते खुशाल वगळावे.

दुसरी पायरी १९५९ ची. तीच गाणी त्या वर्षी दोन रूपांत निघाली, स्टुडिओतील आणि हार्वर्डच्या सँडर्स थिएटरमधील मैफलीची. घ्यावी ती मैफलीचीच. तीत ‘क्लेमेंटाइन’ आहे. एकच लोकगीत मोत्सार्टच्या, कोल पोर्टरच्या, गिल्बर्ट-सलिव्हनच्या हाती पडते तर काय झाले असते, याचे ते प्रात्यक्षिक. शैली म्हणजे काय, हे वर्गात शिकवायला इतके सोयीचे साधन क्वचित मिळेल. शब्दांच्या प्रती काढून वाटायलाही आडकाठी नाही : २०२० मध्ये लेररने आपल्या गीतांचे शब्द सर्वांसाठी खुले केले आणि २०२२ मध्ये संगीतावरचा हक्कही सोडून दिला.