कुणपजल आणि उकिरडा : बागेच्या खताच्या परंपरेविषयीं कांहीं विचार

झाडाला खत कोणतें घालावें व केव्हां घालावें, हा प्रश्न माळ्याचा आहे. त्या प्रश्नाला आमच्या पूर्वजांनीं काय उत्तर दिलें व तें आपणांपर्यंत कोणत्या वाटेनें आलें, हा प्रश्न मात्र इतिहाससंशोधकाचा आहे. अलीकडे सेंद्रिय शेतीच्या चर्चेंत 'वृक्षायुर्वेद' व 'कुणपजल' हे शब्द वारंवार कानीं येतात, आणि आजच्या प्रत्येक द्रवखताची वंशावळ थेट वराहमिहिरापर्यंत नेऊन भिडविण्याची हौस वाढली आहे. वंशावळ म्हटली कीं पुरावा आला. तो पुरावा किती आहे, कोठें तुटतो, व तुटलेला दुवा जोडण्याचें साधन कोणाच्या संग्रहीं असूं शकेल, एवढेंच या लेखांत पाहावयाचें आहे.

प्रथम ग्रंथ पाहूं. कौटिलीय अर्थशास्त्रांत सीताध्यक्षाच्या प्रकरणीं झाडें लावण्यापूर्वीं खड्डा हाडें व शेण यांनीं भाजावा, अंकुरलेल्या रोपांस मासळीचें खत द्यावें, असें सांगितलें आहे. सहाव्या शतकांतील वराहमिहिरानें बृहत्संहितेंत वृक्षायुर्वेदावर एक स्वतंत्र अध्यायच घातला. थंडी, वारा व ऊन यांमुळें झाडांस रोग होतो. पानें फिकट पडतात, पालवी वाढत नाहीं, फांद्या वाळतात व रस गळतो, असें निदान करून तो चिकित्सा सांगतो: रोगट भाग शस्त्रानें काढावा आणि वावडिंग, तूप व चिखल यांचा लेप देऊन दूधपाणी शिंपावें. त्यानंतर फळाफुलांच्या वृद्धीसाठीं त्यानें एक द्रवखत दिलें आहे. मेंढ्याबकऱ्यांच्या लेंड्यांचें चूर्ण दोन आढक, तीळ एक आढक, सातू एक प्रस्थ, पाणी एक द्रोण व मांस एक तुला, हें सर्व सात रात्री ठेवून झाडाला, वेलीला व झुडुपाला घालावें. मूळ पाठांत मांसाचा उल्लेख 'गोमांस' या शब्दानें आहे. तो शब्द आज कोणास रुचो वा न रुचो, संशोधकानें तो झांकूं नये. उलट उत्तरकालीन प्रती तेथें काय करतात, हें मुद्दाम पाहावें.

आतां परंपरा सिद्ध कशी होते, याचा एक नमुना येथेंच मिळतो. अग्निपुराणांतील वृक्षायुर्वेदाच्या अध्यायांत हेंच खत पुन्हां येतें. तींच पांच द्रव्यें आणि तीच सात रात्रींची मुदत. मापें मात्र गळलीं आहेत. पांच द्रव्यें व मुदत एकत्र जुळणें हें योगायोगानें घडत नाहीं. तेव्हां येथें उसनवारी मानणें भाग आहे. उलटपक्षीं सुरपालाच्या 'वृक्षायुर्वेदां'तील कुणपजल पाहावें. कुणप म्हणजे प्रेत. प्राण्यांचें मांस, मेद, मज्जा इत्यादि पाण्यांत शिजवून, त्यांत तिळाची पेंड, मध, उडीद व तूप घालून तें मिश्रण उबेच्या जागीं पंधरवडाभर ठेवावयाचें असतें, आणि द्रव्यांच्या मापांचा येथें निर्बंध नाहीं. कल्पना तीच, कृति निराळी. म्हणजे कल्पनेचें साम्य व पाठाचें साम्य या दोन वस्तु आहेत, आणि वंशावळीला दुसरीच उपयोगी पडते. इ. स. १३६३ च्या सुमाराच्या शार्ङ्गधरपद्धतींतील 'उपवनविनोद' या प्रकरणांतही कुणपजल आहे. तें गिरिजाप्रसन्न मजुमदार यांनीं १९३५ सालीं कलकत्त्यास स्वतंत्रपणें प्रसिद्ध केलें.

हीच कसोटी आजच्या एका प्रसिद्ध खतास लावूं. अमरावती जिल्ह्यांतील बेलोरा येथील सुभाष पाळेकर यांनीं प्रचारांत आणलेलें 'जीवामृत' विदर्भांत घरोघर ठाऊक आहे. एका एकरासाठीं दहा किलो गाईचें शेण, पांच ते दहा लिटर गोमूत्र, दोन किलो गूळ, दोन किलो डाळीचें पीठ व मूठभर माती, हीं दोनशें लिटर पाण्यांत कालवून सुमारें दोन दिवस ठेवतात. वराहमिहिराच्या कृतींत एक द्रोण म्हणजे चार आढक पाणी आहे. लेंड्यांचें चूर्ण त्याच्या निम्मे झालें. जीवामृतांत शेण पाण्याच्या विसावा हिस्सा आहे. तेथें मापें आकारमानाचीं व येथें वजनाचीं, हें लक्षांत घेऊनही अंतर फार मोठें राहतें. द्रव्यें निराळीं आणि मुदतही निराळी आहे. उद्देशांतही भेद आहे: वराहमिहिराचें द्रवखत झाडाचें अन्न आहे, तर जीवामृत हें जमिनींतील सूक्ष्म जीव वाढविणारें विरजण आहे, असें त्याचे पुरस्कर्तेच सांगतात. दोहोंत साम्य एवढेंच कीं, सेंद्रिय द्रव्य पाण्यांत कुजवून मुळाशीं घालावयाचें. एवढ्या साम्यावर पितापुत्रसंबंध ठरत नाहीं. जीवामृताचें गुणावगुण शेतांत ठरतील. त्यासाठीं त्याला पुराणांतील आजोबा मिळवून देण्याची गरज नाहीं.

हा लेख आम्ही वर्धा जिल्ह्यांतील अल्लीपूर येथून लिहीत आहों, आणि येथील परसांकडे पाहिलें कीं हाच मुद्दा अधिक स्पष्ट होतो. येथील जमीन काळी व भारी आहे. उन्हाळ्यांत ती भेगाळते, पावसाळ्यांत पाणी धरून बसते. अशा जमिनींत चुना व पालाश मुबलक, परंतु नत्र, स्फुरद व सेंद्रिय अंश कमी, हें मृदाशास्त्राचें मत सर्वमान्य आहे. चुन्याच्या आधिक्यामुळें झाडाला लोह घेतां येत नाहीं, म्हणून लिंबाचीं व संत्र्याचीं पानें पिवळी पडतात. वराहमिहिरानें जिला थंडी, वारा व ऊन हीं कारणें दिलीं, ती पानांची पांडुता येथें बहुधा जमिनींतून उद्भवते. यावर गांवकऱ्यांचा जुना उपाय उकिरड्याचाच. कुजलेलें शेणखत घातलें कीं माती भुसभुशीत होते, पाणी मुरतें आणि मुळांना वारा मिळतो. धनगरांचे कळप शेतांत रात्रीं बसविण्याची चालही विदर्भांत जुनी आहे. लेंडीखत पाहून कोणाला बृहत्संहिता आठवेल. परंतु ज्याच्यापाशीं मेंढ्या आहेत त्याला लेंड्यांचा गुण कळण्यास संस्कृत शिकावें लागत नाहीं. हें ज्ञान ग्रंथांतून गांवीं आलें, कीं गांवांतून ग्रंथांत गेलें, हा प्रश्न म्हणूनच मोकळा ठेवला पाहिजे.

ज्या परंपरेचे कागद उपलब्ध आहेत ती तर आणखी निराळी वाट दाखविते. आल्बर्ट हॉवर्ड यांनीं १९२४ ते १९३१ या काळांत इंदुरास वनस्पति-उद्योग संस्थेंत काम करून कंपोस्टाची 'इंदूर पद्धति' बसविली, आणि यशवंत वाड यांच्यासह १९३१ सालीं ती ग्रंथरूपानें मांडली. त्या पद्धतीचें मूळ सांगतांना हॉवर्ड चीनमधील शेतकऱ्यांच्या रीतीकडे बोट दाखवितात; ती रीत पाश्चात्त्यांस एफ. एच. किंग यांच्या १९११ च्या ग्रंथानें कळली होती. १९३४ च्या डिसेंबरांत अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला व त्याचें ठाणें वर्ध्यास मगनवाडींत पडलें; गांवचा केरकचरा व मैला खताच्या कामीं लावण्याचा विचार तेथून खेड्यांत पसरला. पुढें पुसदचे नारायण देवताव पांढरीपांडे यांनीं विटांच्या सच्छिद्र हौदाची पद्धति काढली. त्यांच्या नांवाच्या आद्याक्षरांवरून तिला 'नाडेप' म्हणतात. दहा फूट लांब, सहा फूट रुंद व तीन फूट उंच असा हा हौद महाराष्ट्रांत सर्वत्र दिसतो. तात्पर्य, आज वर्धा जिल्ह्यांतील परसांत जो शास्त्रोक्त खतखड्डा आढळतो, त्याचे लेखी पूर्वज इंदूर व चीन येथें सांपडतात, उज्जयिनीस नव्हे. यांत कमीपणा कांहींच नाहीं. पूर्वजांचा मान खोट्या वंशावळीनें वाढत नसतो.

मग संस्कृत ग्रंथ व गांवचा उकिरडा यांच्यामध्यें कांहींच नव्हतें काय? असें आम्ही म्हणत नाहीं. कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वराच्या बाराव्या शतकांतील 'मानसोल्लासां'त उपवनाचा विषय आहे, आणि तो ग्रंथ मराठी मुलखाच्या अगदी उंबरठ्यावरचा. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रांत झाडें रयतेनें लेकरांसारखीं वाढविलेलीं असतात असें बजावून तीं तोडण्यास आळा घातला आहे. नागपूरकर भोसल्यांच्या अमदानींत संत्र्याची लागवड झाली, आणि मुळें उघडीं करून झाडाला ताण द्यावा, मग खतपाणी घालून बहार धरावा, ही कला बागवानांच्या हातीं पिढ्यान्‌पिढ्या राहिली. म्हणजे झाडें होतीं, बागा होत्या, बागवान होते. त्यांची खताची टिपणें मात्र कोणी ग्रंथ म्हणून जपलीं नाहींत, आणि मधला दुवा नेमका तेथें निसटतो.

तो निसटूं नये यासाठीं हस्तलिखित-संग्राहकांस आमची विनंति आहे. सुरपालाचा ग्रंथ आज वाचावयास मिळतो तो ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयांत पोथी टिकली म्हणून. डॉ. य. ल. नेने यांनीं तिची प्रत मिळविली, नलिनी साधले यांनीं भाषांतर केलें, आणि १९९६ सालीं सिकंदराबादेच्या एशियन अ‍ॅग्री-हिस्टरी फौंडेशननें तो प्रसिद्ध केला. एका पोथीवर एवढें अवलंबून होतें! वैद्यकाच्या व ज्योतिषाच्या बाडांत मध्येंच दोनचार पानें झाडांच्या उपचारांचीं लागतात. शीर्षक नाहीं म्हणून तीं 'किरकोळ' या सदरांत जातात. तीं वेगळीं नोंदवावीं. बागांच्या मोडी हिशेबांत पेंड, लेंडी, मासळी, हाडें यांवर खर्च पडला असल्यास रक्कम, माप व महिना यांसह उतरून घ्यावा. कृति सांपडल्यास द्रव्यांचा क्रम, शेर-पायलीचें माप व कुजविण्याचे दिवस या तीन गोष्टी जशाच्या तशा द्याव्या. मांसाच्या जागीं लेखकानें दुसरा शब्द घातला असल्यास तोही तसाच ठेवावा, सुधारूं नये. असा फेरफारच पुष्कळदां प्रतीचा काळ व तिचें घराणें सांगून जातो.

अशा दहा-वीस नोंदी एकत्र झाल्या म्हणजे अग्निपुराणाला जी कसोटी लावतां आली ती मराठी कागदांस लावतां येईल. मग वराहमिहिर आमच्या परसापर्यंत आला होता कीं नाहीं, तें घोषणेवरून न ठरतां कागदावरून ठरेल. निकाल कोणताही लागो, झाडाचें त्यांत कांहीं बिघडणार नाहीं. इतिहासाला मात्र आपली जागा मिळेल.